तालुक्याचं कोर्ट, जिल्ह्याचं कोर्ट आणि तिथले न्यायाधीश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातात समन्स पडलं की माणसाला आधी दोनच गोष्टी हव्या असतात: बोलावलंय कोणी आणि जायचं कुठे. मी तालुका न्यायालयात वकिली करतो. कायदेविषयक शिबिरांत मिळणाऱ्या चिठ्ठ्या आणि फोनवर येणारे निरोप चाळले, तर कलमांपेक्षा याच गोष्टी जास्त विचारलेल्या दिसतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या रचनेला धरून आहेत. मुंबई शहराचं वेगळेपण प्रश्न ११ मध्ये आणि गोव्याचं प्रश्न १२ मध्ये आहे.

१. खालची कोर्टं म्हणजे नेमकी कोणती?

जिल्ह्यात, हायकोर्टाच्या देखरेखीखाली चालणारी सगळी दिवाणी आणि फौजदारी न्यायालयं. दिवाणी बाजूला तीन पायऱ्या आहेत: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर आणि जिल्हा न्यायाधीश. ही मांडणी मुळात १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियमाची. फौजदारी बाजूलाही तसंच आहे: प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी आणि सत्र न्यायालय. संविधानात या न्यायालयांसाठी २३३ ते २३७ हे अनुच्छेद आहेत.

‘खालची’ हा शब्द मात्र मला खटकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या पीठानं सांगितलं की खटला चालवणाऱ्या न्यायालयाला ‘खालचं न्यायालय’ म्हणू नये. त्याच्या कागदपत्रांवरही तसा उल्लेख नको. साक्षीदार समोर उभा राहतो तो इथेच, आणि बहुतेकांचा वाद सुरू होऊन संपतो तोही इथेच. म्हणून पुढे सगळीकडे मी ‘जिल्हा न्यायव्यवस्था’ किंवा सरळ त्या कोर्टाचं नाव लिहिलं आहे.

२. आमच्या तालुक्यात एकाच साहेबांच्या दारावर दोन पदं लिहिली आहेत. ते न्यायाधीश की मॅजिस्ट्रेट?

दोन्ही. ‘दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी’ अशी ती पाटी असते. सकाळी बांधाच्या वादात मनाई हुकमाचा युक्तिवाद ऐकणारे साहेब दुपारी त्याच खुर्चीवर बसून चोरीच्या आरोपीचा रिमांड ऐकतात. फायली, नोंदवह्या आणि कायदा मात्र वेगळा. जिल्ह्याच्या ठिकाणीही तसंच: जिल्हा न्यायाधीश म्हणून ते दिवाणी अपील ऐकतात आणि सत्र न्यायाधीश म्हणून खुनाचा खटला चालवतात. मोठ्या शहरांत काम जास्त असल्यामुळे काही न्यायाधीशांकडे फक्त दिवाणी किंवा फक्त फौजदारी काम सोपवलेलं असतं.

३. समन्सवरून कोर्ट कोणतं, ते कसं ओळखायचं?

कागदाच्या अगदी वरची ओळ वाचा. ‘मे. दिवाणी न्यायाधीश, क. स्तर, यांचे न्यायालयात’ अशी सुरुवात असते. त्याखाली प्रकरणाचा नंबर असतो आणि नंबराच्या आधीच्या अक्षरांत सगळी माहिती दडलेली असते. ‘रे.मु.नं.’ म्हणजे रेग्युलर मुकदमा, कनिष्ठ स्तराकडचा दिवाणी दावा. ‘स्पे.मु.नं.’ म्हणजे स्पेशल मुकदमा, वरिष्ठ स्तराकडचा. ‘आर.सी.सी.’ म्हणजे मॅजिस्ट्रेटसमोरचा नियमित फौजदारी खटला. ‘एस.सी.सी.’ म्हणजे संक्षिप्त पद्धतीनं चालणारा. चेक न वटल्याची बहुतेक प्रकरणं यात असतात. ‘दरखास्त’ लिहिलं असेल तर दाव्याचा निकाल आधीच लागलेला आहे आणि आता हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागितली आहे. अशा वेळी गाफील राहू नका.

एकदा एक आजी कोर्टाच्या आवारातल्या बाकावर सकाळी दहापासून बसून होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. समन्स वरिष्ठ स्तर न्यायालयाचं होतं, आणि ते दुसऱ्या इमारतीत, रस्त्याच्या पलीकडे. त्यांच्या नावाचा पुकारा तिकडे होऊन गेला होता. आजी चार तास आल्या होत्या, पण कागदोपत्री गैरहजर. त्याच दुपारी अर्ज दिल्यामुळे निभावलं.

नव्या प्रकरणांना सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर नंबरही असतो. महाराष्ट्रात त्याची सुरुवात एमएच या इंग्रजी अक्षरांनी होते. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की कोर्टाचं नाव, न्यायाधीशांचं पद आणि पुढची तारीख दिसते.

४. कनिष्ठ स्तर आणि वरिष्ठ स्तर यांत फरक काय? कनिष्ठ म्हणजे शिकाऊ का?

शिकाऊ मुळीच नाही. कनिष्ठ स्तराकडे ठरावीक किमतीपर्यंतचे दावे येतात, त्यापुढचे वरिष्ठ स्तराकडे. वरिष्ठ स्तराला दाव्याच्या किमतीची वरची मर्यादा नाही. ही सीमा कायद्यातील दुरुस्तीनं बदलत आली आहे, म्हणून दावा लावताना त्या दिवशी लागू असलेली रक्कम वकिलांकडून पक्की करून घ्या. काही कामं किमतीकडे न बघताच वरिष्ठ स्तराकडे जातात. घटस्फोटाचं उदाहरण प्रश्न १० मध्ये आहे. मुख्य न्यायदंडाधिकारीही वरिष्ठ स्तराच्याच संवर्गातले असतात.

५. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किती शिक्षा देऊ शकतात?

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम २३ नुसार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कारावास, ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा देऊ शकतात. समाजसेवेची शिक्षा हा पर्याय नव्यानं आला. जुन्या संहितेत दंडाची मर्यादा १०,००० होती. मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत कारावास देऊ शकतात. सत्र न्यायाधीश कायद्यातली कोणतीही शिक्षा देऊ शकतात, पण फाशीला हायकोर्टाची पुष्टी लागते. तोवर ती अमलात येत नाही.

६. तहसीलदार साहेबही मॅजिस्ट्रेट आहेत म्हणतात. मग ते न्यायाधीश झाले का?

नाही, आणि हा घोटाळा सगळ्यात जास्त होतो. तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी हे कार्यकारी दंडाधिकारी असतात. शांतता राखणं आणि गुन्हा घडण्याआधी अटकाव करणं, इतकंच त्यांचं काम. ‘चॅप्टर केस’ म्हणून जी नोटीस येते ती यांच्याकडून. नव्या संहितेतलं कलम १२६, जुनं १०७. जमावबंदीचा आदेश कलम १६३ खाली निघतो. जुना आकडा १४४ अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. मुंबईसारख्या पोलीस आयुक्तालयात चॅप्टरचं काम सहायक पोलीस आयुक्त पाहतात.

कार्यकारी दंडाधिकारी बंधपत्र लिहून मागू शकतात. चोरी केली म्हणून दोषी ठरवणं त्यांच्या हातात नाही. नोटिशीत ‘कार्यकारी दंडाधिकारी’ असं असेल, तर तुमच्यावर गुन्हा शाबित करण्याचा खटला चाललेला नाही. तरीही तारखेला हजर राहायचंच.

आजोबांच्या पिढीत मामलेदारच फौजदारी खटलेही चालवत. संविधानाच्या अनुच्छेद ५० नं न्यायसंस्था आणि कार्यकारी यंत्रणा वेगळ्या करायला सांगितलं, आणि मुंबई राज्यानं त्यासाठी १९५१ मध्येच कायदा केला. देशभर ही विभागणी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं झाली. आपल्याकडे ती आधी आली, याचा मला अभिमान आहे. पकडणारा आणि तोलणारा एकाच साहेबाच्या हाताखाली असू नये, हे त्यामागचं कारण.

७. सातबाऱ्यावर भावानं माझं नाव कमी करून घेतलं. तहसीलमध्ये जाऊ की कोर्टात?

दोन प्रश्न वेगळे करा. फेरफाराची नोंद चुकली, नोटीस न देता मंजूर झाली, ही तक्रार महसूल खात्याची: मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केलेल्या नोंदीवर प्रांतांकडे अपील, आणि तिथून वरच्या महसूल अधिकाऱ्यांकडे. पण ‘या जमिनीत माझा हिस्सा आहे’ हे ठरवण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाचा. सातबारा हा मुळात सारावसुलीसाठी ठेवलेला अभिलेख आहे. त्यावर नाव असल्यानं मालकी मिळत नाही आणि नाव गेल्यानं मालकी जात नाही. अनेक कुटुंबांत महसुलातच पाच-सहा वर्षं जातात आणि वाटपाचा दावा लावायचा राहून जातो. तोपर्यंत जमीन तिसऱ्याच्या नावावर. म्हणून हक्काचा वाद असेल तर दिवाणी कोर्टात उशीर करू नका.

दोन अपवाद लक्षात ठेवा. कूळ आहे की नाही हा प्रश्न कूळ कायद्याप्रमाणे तहसीलदारांकडेच जातो. दिवाणी कोर्टाला तो ठरवता येत नाही. आणि शेताची वाट किंवा पाण्याचा प्रवाह अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालये अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तिथे तहसीलदार ‘न्यायालय’ म्हणूनच बसतात, म्हणून प्रश्न ६ चं उत्तर या कामाला लागू नाही.

८. खुनाच्या आरोपीला तालुक्याच्या कोर्टात का आणतात? तिथे तर तीनच वर्षांची शिक्षा होते.

शिक्षा करणं आणि रिमांड देणं ही वेगळी कामं आहेत. संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेनंतर चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला जवळच्या दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. म्हणून पहिली हजेरी तालुक्याला. दोषारोपपत्रही तिथेच येतं. खटला सत्र न्यायालयानंच चालवण्यासारखा असेल तर न्यायदंडाधिकारी नव्या संहितेच्या कलम २३२ खाली तो वर पाठवतात. याला वकील ‘केस कमिट झाली’ म्हणतात.

जामीन कुठे मागायचा, हा याच्याच शेपटाला येणारा प्रश्न. जन्मठेप किंवा फाशीची तरतूद असलेल्या गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांचे हात बांधलेले असतात. स्त्री, लहान मूल, आजारी किंवा दुर्बल व्यक्ती यांच्याबाबत मात्र त्यांना विचार करता येतो. एरवी अर्ज सत्र न्यायालयात. अटकपूर्व जामीन तालुक्याला कधीच मिळत नाही. त्यासाठी सत्र न्यायालय किंवा हायकोर्ट.

९. ‘प्रमुख जिल्हा न्यायाधीश’, ‘जिल्हा न्यायाधीश-१’, ‘जिल्हा न्यायाधीश-२’ हे काय आहे?

एका जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीश दर्जाचे अनेक अधिकारी असतात. त्यांतले एक प्रमुख. प्रकरणांची वाटणी, कर्मचाऱ्यांवर देखरेख, तालुका न्यायालयांची तपासणी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं अध्यक्षपद ही कामं त्यांची. इतरांना १, २, ३ असे क्रमांक असतात. निकाल देण्यात त्यांचा अधिकार कमी नसतो. पोक्सो, अंमली पदार्थ, ॲट्रॉसिटी, लाचलुचपत यांची ‘विशेष न्यायालयं’ म्हणजे बहुतेक वेळा यांच्यापैकीच कोणाला तरी दिलेली विशेष जबाबदारी. मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणावरही सहसा तेच बसतात.

हे न्यायाधीश फक्त जिल्ह्याच्या गावीच असतात असंही नाही. बारामती, मालेगाव, पंढरपूर, पनवेल, कल्याण अशा ठिकाणी जिल्हा व सत्र न्यायालय बसतं.

१०. घटस्फोटाचा अर्ज कुठे करायचा?

तुमच्या भागात कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथेच. नसेल तर दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे. फरक नुसता इमारतीचा नाही. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाची परवानगी लागते; समुपदेशकांचा टप्पा असतो; आणि अपील थेट हायकोर्टात जातं. वरिष्ठ स्तराच्या निकालावर मात्र जिल्हा न्यायालयात अपील. पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही चालतात. पोटगीचा अर्ज कौटुंबिक न्यायालय असलेल्या भागात त्या न्यायालयात जातो.

११. मुंबईत जिल्हा न्यायालय का सापडत नाही?

कारण मुंबईची रचना जुन्या इलाखा शहराची, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या इलाख्याच्या राजधानीची आहे. तिथे १९४८ च्या कायद्यानं स्थापन झालेलं नगर दिवाणी व सत्र न्यायालय आहे. मुख्य जागा फोर्टात, उपनगरासाठी दिंडोशीलाही. २०२४ पासून ते १० कोटी रुपयांपर्यंतचे दावे ऐकतं. आधी ही मर्यादा १ कोटी होती. त्यापुढचे मोठे दावे थेट हायकोर्टात दाखल होतात; राज्यात इतर कुठे दिवाणी दावा असा पहिल्याच पायरीला हायकोर्टात जात नाही. घरमालक-भाडेकरूंचे वाद धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात.

फौजदारी बाजूला मोठा बदल झाला आहे. ‘महानगर दंडाधिकारी’ हे पद नव्या संहितेत नाही. किल्ला कोर्ट, वांद्रे, अंधेरी, कुर्ला इथले दंडाधिकारीही आता इतर महाराष्ट्रासारखेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. जुन्या कागदांवर जुनं नाव दिसलं तर घाबरू नका, कोर्ट तेच आहे.

१२. गोव्यातलं कोर्ट वेगळं आहे का? आमची थोडी वडिलोपार्जित जागा तिकडे आहे.

गोवाही मुंबई उच्च न्यायालयाच्याच अधिकारात येतं आणि पायऱ्याही त्याच: कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायालय. कायदा मात्र त्यांचा स्वतःचा, १९६५ चा. सांभाळायची गोष्ट वेगळीच आहे. वारसांमधली वाटणी तिथे ‘इन्व्हेंटरी’ या पद्धतीनं होते. ती पोर्तुगीज कायद्यातून आलेली. आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात बसवलेली. महाराष्ट्रातल्या वाटपाच्या दाव्याचा मसुदा नेऊन तिथे चालत नाही. तिथलाच वकील करा.

१३. न्यायाधीश कसं होतात?

पहिल्या पायरीसाठी एमपीएससीची परीक्षा: १०० गुणांची पूर्वपरीक्षा, २०० गुणांची मुख्य, ५० गुणांची मुलाखत. निवड झालेल्यांचं प्रशिक्षण भाईंदरजवळ उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत होतं. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली; त्याआधी कायद्याची पदवी घेऊन थेट बसता येत होतं. मला ही अट योग्य वाटते. अशिलाच्या बाजूनं एकदा तरी बाकावर ताटकळलेला माणूस खुर्चीवर बसला की पुढची तारीख देताना विचार करतो. पण घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलींना ही तीन वर्षं काढणं किती अवघड आहे, तेही रोज पाहतो. पहिल्या वर्षी ज्युनिअरच्या हातात प्रवासखर्चही पडत नाही.

जिल्हा न्यायाधीशांच्या जागा तीन वाटांनी भरतात: निम्म्या बढतीनं, पाव खात्यांतर्गत स्पर्धा परीक्षेनं आणि पाव थेट वकिलांतून. थेट भरतीसाठी सात वर्षांची वकिली लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ठरवलं की वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षं झालेल्या सेवेतल्या न्यायाधीशांनाही या जागांसाठी अर्ज करता येईल. नेमणूक राज्यपाल करतात, हायकोर्टाशी विचारविनिमय करून.

१४. पगार किती आणि निवृत्ती केव्हा?

दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाप्रमाणे कनिष्ठ स्तराचं मूळ वेतन ७७,८४० पासून, वरिष्ठ स्तराचं १,११,००० पासून आणि जिल्हा न्यायाधीशांचं १,४४,८४० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. निवृत्तीचं वय ६०. हायकोर्टात ते ६२ आणि सर्वोच्च न्यायालयात ६५ आहे.

१५. आमचे साक्षीपुरावे झाले आणि साहेबांची बदली झाली. आता पुन्हा पहिल्यापासून?

नाही. बदल्या साधारण तीन वर्षांनी, बहुतेक उन्हाळी सुट्टीच्या सुमारास होतात आणि त्या हायकोर्ट करतं, सरकार नाही. दिवाणी दाव्यात नवे न्यायाधीश नोंदवलेला पुरावा तसाच वापरून पुढे जातात. फौजदारी खटल्यातही तेच. संक्षिप्त पद्धतीनं चाललेला खटला मात्र पुन्हा ऐकावा लागतो. नुकसान होतं ते वेगळं: साक्षीदार कसा अडखळला, कुठे थांबला, हे पाहिलेले डोळे निघून जातात आणि नव्या साहेबांना सगळं कागदावरून वाचावं लागतं. म्हणून उलटतपास नोंदवला जाताना प्रत्येक उत्तर नीट उतरलंय ना, हे वकिलांनी त्याच क्षणी पाहायला हवं.

बदली ही गोष्ट नवी नाही. महादेव गोविंद रानडे पुण्यात प्रथमवर्ग सबजज्ज (दुय्यम न्यायाधीश) होते, आणि पुढे त्यांची नाशिक, धुळे अशी बदली झाली. १८९३ मध्ये हायकोर्टात जाईपर्यंत त्यांची बरीचशी कारकीर्द जिल्ह्यांतल्या न्यायालयांत गेली.

१६. न्यायाधीशांना ‘न्यायमूर्ती’ म्हणायचं का? समोर उभं राहिल्यावर काय म्हणू?

न्यायमूर्ती हे हायकोर्ट आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी. जिल्ह्यात ‘न्यायाधीश’. बार कौन्सिलच्या २००६ च्या नियमात वकिलांना या न्यायालयांत ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतला तसा शब्द वापरायला सांगितलं आहे. तुम्ही ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हणा. विचारलेल्याचं सरळ उत्तर द्या, तेवढं पुरतं.

१७. कोर्टाचं काम मराठीत चालतं का?

जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, १९९८ च्या अधिसूचनेनं. जबाब मराठीत नोंदवून मागा. वकिलांचा युक्तिवाद आणि निकाल अनेकदा इंग्रजीत होतात, पण तुमची साक्ष तुमच्या भाषेत लिहिली जाणं महत्त्वाचं. ‘बांध कोरला’ याचं इंग्रजी करताना अर्थ किती सांडतो, ते मी पाहिलं आहे. हायकोर्टाची भाषा संविधानाप्रमाणे इंग्रजी.

१८. बेलीफ, नाझर, बेंच क्लार्क यांतलं कोण काय करतं?

बेलीफ समन्स बजावतो आणि ताबा देण्या-घेण्याच्या वेळी जागेवर येतो. नाझर पैशांचा हिशोब आणि बजावणीचं काम बघतो. बेंच क्लार्क न्यायाधीशांपुढच्या फायली सांभाळतो. तारखेला काय घडलं, ते ‘रोजनाम्या’त लिहिलं जातं. फायलीतल्या कागदांना ‘निशाणी’ नंबर पडतात: निशाणी १ म्हणजे दावा, आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज परंपरेनं निशाणी ५. ‘निशाणी पाचवर सुनावणी आहे’ असं वकील म्हणाले, तर तुमच्या शेतातलं काम थांबणार की चालू राहणार, हे त्या दिवशी ठरू शकतं. बाकी तारखा चुकल्या तर चुकल्या, ही चुकवू नका.

सरकारी वकील हे कोर्टाचे कर्मचारी नाहीत. ते खटल्यातल्या एका पक्षाची, म्हणजे सरकारची, बाजू मांडतात.

१९. निकाल विरुद्ध गेला. अपील कुठे आणि किती दिवसांत?

न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेवर सत्र न्यायालयात ३० दिवसांत. सत्र न्यायालयाच्या फाशीखेरीज इतर शिक्षेवर हायकोर्टात ६० दिवसांत. कनिष्ठ स्तराच्या दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत. वरिष्ठ स्तराच्या हुकूमनाम्यावरचं अपील दाव्याच्या किमतीप्रमाणे जिल्हा न्यायालयात किंवा हायकोर्टात. हायकोर्टात असेल तर मुदत ९० दिवस. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो, पण नकलेचा अर्ज केलेला असेल तरच. म्हणून निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात अर्ज टाका.

दुसरं अपील फक्त कायद्याच्या ठोस प्रश्नावर असतं. तिथे ‘साक्षीदार खोटं बोलला’ हे कोणी ऐकत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांना ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागत नाही. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य जागेबाहेर बसणारं पीठ, सुरू झालं आहे.

२०. न्यायाधीश पक्षपात करतात असं वाटतं. तक्रार कुठे करू?

आधी स्वतःला विचारा: निकाल चुकला, की वागणूक चुकली? निकाल चुकला असेल तर उपाय अपील (प्रश्न १९). या न्यायालयासमोर न्याय मिळणार नाही अशी रास्त भीती असेल, तर प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्यावं असा अर्ज जिल्हा न्यायाधीशांकडे करता येतो. पैसे मागणं, गैरवर्तन अशी गोष्ट असेल तर तक्रार हायकोर्टाच्या प्रबंधकांकडे (रजिस्ट्रारकडे). अनुच्छेद २३५ प्रमाणे नियंत्रण हायकोर्टाचं आहे. शपथपत्र आणि तपासता येईल असा पुरावा जोडा. आमदार, पालकमंत्री किंवा जिल्हाधिकाऱ्यांना न्यायाधीशांची चौकशी करता येत नाही, म्हणून तिकडे अर्ज देऊन वेळ घालवू नका.

२१. वकील करायला पैसे नाहीत.

तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. सही करण्याआधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर दोघांकडून वाचवून घ्या.

२२. सुट्टीच्या दिवशी अटक झाली तर?

चोवीस तासांचा नियम रविवारी आणि दिवाळीतही तसाच. सुट्टीतल्या रिमांडसाठी एका न्यायदंडाधिकाऱ्यांची नेमणूक आधीच झालेली असते. आपल्या तालुक्याचं कोर्ट बंद दिसलं तर पोलीस ठाण्यात ‘आज रिमांड कोणत्या साहेबांसमोर?’ एवढंच विचारा आणि वकिलांना तिकडे पाठवा.

२३. चुकीच्या कोर्टात दावा लावला आणि तीन वर्षांनी ते कळलं. सगळं गेलं का?

सगळं जात नाही. दाव्याची किंमत किंवा ठिकाण यामुळे त्या कोर्टाला अधिकार नसेल, तर दावा फेटाळला जात नाही. योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी दावापत्र परत दिलं जातं. मुदत कायद्याच्या कलम १४ प्रमाणे चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे आणि काळजीपूर्वक दावा चालवण्यात गेलेला काळ मुदतीतून वगळून मागता येतो. तो आपोआप वगळला जात नाही. अर्जात तारखांसह सांगावं लागतं. म्हणून जुन्या फायलीतल्या रोजनाम्याची, दावापत्र परत करण्याच्या आदेशाची आणि ते हातात मिळाल्याच्या तारखेची नक्कल आधी काढा आणि नव्या दाव्याला जोडा. त्या तीन कागदांवर तुमची तीन वर्षं वाचतात.